खरी कमाई : बालवीर पथकाच्या जमाखर्चाचा इतिहास

या व्यासपीठावर दरवर्षी मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होतो. यंदा चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही म्हटले, बालवीर पथकाच्या पैशावर बोलू. ते हसले. मुलांच्या पथकाचा पैसा तो कितीसा, आणि त्यावर तासभर बोलण्यासारखे काय असणार, असे त्यांना वाटले असावे. पैसा थोडा असतो हे खरे. परंतु आमचे शिक्षण दहावीपर्यंत; त्यापुढचे जे झाले ते लेथवर काम करून घरी जाताना वाटेतल्या नगर वाचनालयात आणि तीसएक वर्षे कामगारांच्या संघटनेच्या कचेरीत. या दोन्ही शाळांनी आम्हांस एक गोष्ट शिकविली. संस्था ओळखायची असेल तर तिची घटना वाचण्याआधी तिची रोजकीर्द वाचावी. घटनेत संस्थेला काय व्हायचे आहे ते लिहिलेले असते. ती काय झाली आहे, ते रोजकीर्दीत सापडते.

आधी एक प्रसंग सांगतो. २०१७ सालची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या शाळेत बालवीरांचे पथक आहे. त्या वर्षी पथकात तीस मुले होती. बहुतेकांचे वडील कारखान्यात जाणारे, कित्येकांच्या आया घरोघर स्वयंपाकाची कामे करणाऱ्या. आम्हांस हिशेब कळतो अशी समजूत असल्यामुळे पालकांच्या समितीत आम्हांस घेतलेले. डिसेंबरात पाच दिवसांचे शिबिर भरवायचे ठरले आणि अंदाजपत्रक मांडले. जेवणखाण माणशी रोज ८० रुपयांप्रमाणे १२,०००, एस. टी.चे जाणेयेणे ५,०००. जागा, सरपण, दिवाबत्ती, औषधे व किरकोळ मिळून ४,०००. एकूण २१,००० रुपये. पथकाच्या खात्यात शिल्लक ६,३४० रुपये.

त्याच आठवड्यात एका कारखानदारांचा निरोप आला की शिबिराचा सगळा खर्च आम्ही देतो. अट म्हणावी अशी अट नव्हती. एवढेच की कारखान्याच्या वर्धापनदिनी मुलांनी गणवेशात यावे आणि फाटकापासून मंडपापर्यंत दोन रांगा करून पाहुण्यांस मानवंदना द्यावी. त्या फाटकाबाहेर त्या वेळी कामगार धरणे धरून बसले होते. पगाराचा करार संपून चौदा महिने झाले होते. म्हणजे रांगेत उभ्या राहणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील फाटकाच्या बाहेर, आणि मुले फाटकाच्या आत.

समितीने काय केले ते शेवटी सांगू. त्या रात्री घरी आल्यावर आमच्या मनात प्रश्न उभा राहिला तो असा की, बालवीरांच्या चळवळीला शंभराहून अधिक वर्षे झाली; या मुलांचे पैसे आजवर आले कोठून, आणि पैशाबरोबर आणखी काय काय आले? त्याचा शोध घेता जे हाती लागले, तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

दक्षिण इंग्लंडात पूल नावाच्या बंदरात ब्राउनसी म्हणून एक लहानसे बेट आहे. तेथे १९०७ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. बेडन-पॉवेल हे ब्रिटिश फौजेतील सेनापती. दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगच्या वेढ्यात २१७ दिवस टिकाव धरल्यामुळे त्यांचे नाव विलायतेत घरोघर झालेले. तरुणपणी त्यांची नोकरी हिंदुस्थानातही झाली होती. साम्राज्याचा हा शिपाई आपला कोणी लागत नाही. परंतु मुलांना लहान लहान संघांत वाटून, प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक नायक देऊन, जबाबदारी त्यांच्यावर टाकावी ही त्यांची कल्पना खरोखरच मोठी होती.

त्या शिबिराचा जमाखर्च उपलब्ध आहे आणि तो मोठा बोलका आहे. निम्मी मुले बड्या घरांतली, महागड्या निवासी शाळांत शिकणारी. उरलेली बोर्नमथ व पूल या गावांतल्या साध्या घरांतली. बड्या घरच्या मुलांस फी एक पौंड. साध्या घरच्या मुलांस साडेतीन शिलिंग, म्हणजे पौंडाच्या सहाव्या हिश्श्याहून किंचित अधिक. तंबू एकच, जेवण एकच, काम एकच. फी मात्र ऐपतीप्रमाणे. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना यात काही नवल वाटत नाही. कुशल कामगाराची वर्गणी निराळी व झाडूवाल्याची निराळी, मत मात्र दोघांचे एक, हा धडा आम्ही निराळ्या शाळेत शिकलो.

आता बेरीज पाहू. शिबिराचा एकूण खर्च ५५ पौंड २ शिलिंग ८ पेन्स. दहा मुले एक पौंडाची व दहा साडेतीन शिलिंगांची धरली, तर फी होते ११ पौंड १५ शिलिंग. म्हणजे खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा. बेट व्हॅन राल्ट नावाच्या धनिकाचे. त्यांनी ते वापरावयास दिले होते. देणग्या वगैरे जमेस धरूनही अखेरीस २४ पौंडांहून थोडी अधिक तूट राहिली. ज्यांचे दोन मुलगे शिबिरात होते, त्या सॅक्सन नोबल नावाच्या गृहस्थांनी ती भरून काढली. जगातले पहिले बालवीर शिबिर तुटीत गेले, आणि तूट एका पालकाने भरली, हे ज्या ज्या पथकाच्या खजिनदाराला रात्री झोप येत नाही त्याने अवश्य ध्यानात ठेवावे.

परंतु या हिशेबात आणखी एक बारकावा आहे. नोबल यांचे पैसे तूट भरण्यासाठी आले. शिबिर कसे चालावे, मुलांनी पहाटे काय करावे, कोणाला सलामी द्यावी, हे आधीच ठरलेले होते. देणगीमागून बेत आला नाही. बेतामागून देणगी आली. हा क्रम लहान दिसतो, पण आमच्या मते सगळा प्रश्न या क्रमाचाच आहे.

पुढच्याच वर्षी, १९०८च्या जानेवारीपासून, बेडन-पॉवेल यांचे बालवीरांसाठीचे पुस्तक पंधरा-पंधरा दिवसांनी सहा भागांत निघाले. प्रत्येक भागाची किंमत चार पेन्स. मुलाने खाऊच्या पैशातून घ्यावे एवढीच ती किंमत होती. मुलांनी ते घेतले, आपसांत टोळ्या केल्या, आणि मग मोठी माणसे शोधून आणली की आमचे नायक व्हा. चळवळ आधी आणि संस्था मागून, असा तो प्रकार झाला.

त्या पुस्तकात बालवीराचे नऊ नियम होते आणि नववा नियम काटकसरीचा होता. बालवीराने पैसा पैसा साठवून पेढीत ठेवावा. म्हणजे काम सुटल्यास दुसऱ्यावर भार पडणार नाही आणि कोणी अडला तर त्याला देता येईल, असा त्याचा आशय. नुसता उपदेश नव्हता. दुसऱ्या श्रेणीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या बचत खात्यावर निदान सहा पेन्स आणि पहिल्या श्रेणीला निदान एक शिलिंग असावा, अशी अट होती. गाठी मारणे, विस्तव पेटविणे, नकाशा वाचणे यांच्या पंक्तीला बचत बसविलेली. आम्हांस ही गोष्ट फार आवडली. पैसा हाताळणे ही एक विद्या आहे आणि ती विस्तव पेटविण्याइतकीच लवकर शिकवावी लागते. दोन्हींत चुकले तर घर जळते.

मात्र त्याच यादीतला दुसरा नियम निष्ठेचा. राजा, आपले अधिकारी, आपला देश आणि आपला मालक, एवढ्यांशी बालवीराने निष्ठावंत असावे. मालक! पुढे या नियमात आईबाप आले, आणि आपल्या हाताखालच्या माणसांशीही निष्ठा असावी ही भर पडली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आपल्या भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या नियमांत तर राजाही नाही व मालकही नाही. बालवीर निष्ठावान असतो एवढेच आहे. परंतु १९०८च्या त्या मूळ यादीत एका बाजूला दुसऱ्यावर भार होऊ नका असे शिकविणारी काटकसर, आणि दुसऱ्या बाजूला मालकाशी निष्ठा, ही दोन्ही शेजारी शेजारी नांदत होती. या चळवळीच्या पैशाचा इतिहास म्हणजे या दोन नियमांची ओढाताण होय.

आता आपल्या देशाकडे वळू. १९०९ साली कॅप्टन बेकर यांनी बंगलोरला पहिले पथक काढले. पाठोपाठ १९१० व १९११ या वर्षांत खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला, मद्रास येथे पथके निघून लंडनच्या मुख्य कचेरीत त्यांची नोंद झाली. आपल्या खडकी-लोणावळ्याचे नाव इतक्या आधी येते याचा आनंद मानावा, तर लगेच कळते की ही पथके गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांसाठीच होती. हिंदी मुलांना त्यांत प्रवेश नव्हता.

मग हिंदी माणसांनी आपापली पथके काढली. न्यायमूर्ती म्हणून पुढे नावाजलेले नागपूरचे व्हिव्हियन बोस यांनी मध्य प्रांतात हिंदी मुलांसाठी हे काम सुरू केले. १९१६ साली मद्रासेस ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी हिंदी मुलांची स्वतंत्र संस्था स्थापिली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या नावाने बालवीर उभे केले. हे कुंझरू म्हणजे गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे पुढे झालेले अध्यक्ष. १९२१ साली बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले, तेव्हा बेझंटबाईंची संस्था त्यांच्या संस्थेत सामील झाली. सेवा समिती मात्र बाहेर राहिली, कारण प्रतिज्ञेत राजनिष्ठा होती. सरकारी मान्यता आणि तिच्याबरोबर येणारा आश्रय एका बाजूला व मुलाच्या तोंडची प्रतिज्ञा दुसऱ्या बाजूला, असा तो सौदा होता. मालवीय-कुंझरूंनी तो केला नाही. पुढे १९३८ साली आणखी फाटाफूट होऊन हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निघाली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या सर्वांचे एकीकरण होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली, आणि १९५१ साली मुलींची संघटनाही तीत आली. सात नोव्हेंबरला पथकांतली मुले ध्वजाची लहानशी चिकटचित्रे विकतात, ती या स्थापनेच्या स्मरणार्थ. त्या चार-दोन रुपयांमागे एवढा इतिहास आहे.

येथे आमच्या स्वतःच्या वाटेवरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मद्रासेस १९१८च्या एप्रिलात बी. पी. वाडिया यांनी मद्रास लेबर युनियन स्थापिली. हे वाडिया बेझंटबाईंचेच सहकारी. इकडे मुंबईत भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. तिने गिरणगावात शाळा, वाचनालये, दवाखाने, मुलांची मंडळे चालविली, आणि त्यांत बालवीरांची पथकेही होती. याच जोशींनी १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत पुढाकार घेतला. म्हणजे कामगाराची संघटना आणि कामगाराच्या मुलाचे पथक ही आपल्या देशात एकाच अंगणात वाढलेली भावंडे आहेत. दोघांनाही एकच पथ्य सांभाळावे लागते. आपल्या पायावर उभे राहायचे तर आपल्या पैशावर उभे राहावे लागते.

हे पथ्य महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकविलेले नाही. विलायतेत १९०८ साली चार पेन्सांचे ते भाग विकले जात होते, त्याच वर्षी आपल्या तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. एका पैशाने देणारा गरीब होत नाही, आणि घेणारा कोणा एकाचा मिंधा होत नाही. लाख माणसांचा एकेक पैसा आणि एका माणसाचे लाख पैसे यांची बेरीज कागदावर सारखीच येते. संस्थेच्या पोटात गेल्यावर मात्र ती सारखी राहत नाही. सातारच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणून मुलांच्या हाती कुदळ दिली, तीही याच विचाराने.

आता ‘खरी कमाई’ या शब्दाकडे येऊ. पैसे मागू नका, काम करून मिळवा, हे बेडन-पॉवेल यांचे धोरण पहिल्यापासून होते. १९४९च्या ईस्टरात विलायतेतल्या बालवीरांनी त्याचा आठवडाच पाळला. ‘बॉब’ म्हणजे बोलीभाषेत शिलिंग. एका कामाला एक शिलिंग, असे त्या आठवड्याचे नाव. युद्ध संपून चार वर्षे झालेली, शिधापत्रिका अजून चालू; अशा दिवसांत मुले घरोघर गेली. कोणी बागेतले गवत काढले, कोणी बूट पुसले, कोणी कोळसा वाहिला. मुलाजवळ एक कार्ड. त्यावर काम, रक्कम व घरधन्याची सही. काम झालेल्या घराच्या खिडकीवर ‘काम झाले’ अशी चिठ्ठी, म्हणजे दुसऱ्या मुलाने पुन्हा दार वाजवू नये. १९७१ साली विलायतेत दशमान नाणी आली आणि शिलिंग गेला. परक्या घरात मुलाला इजा झाली तर जबाबदार कोण, ही धास्ती वाढली आणि १९९०च्या दशकात ही प्रथाच थांबली. २०१२ साली ती समाजसेवेचा आठवडा म्हणून निराळ्या रूपाने पुन्हा सुरू झाली.

आपल्याकडे हीच कल्पना ‘खरी कमाई’ या नावाने रुजली. नाव भाषांतर नव्हे, आणि मूळ नावाहून चांगले आहे. मूळ नावात दर आहे. आपल्या नावात कसोटी आहे. कमाई खरी की खोटी?

ही कसोटी आम्हांस अकराव्या-बाराव्या वर्षी लागली. १९८२ सालच्या सुमारास आम्ही शाळेच्या पथकात होतो. कोणाचे दळण आण, कोणाची सायकल पूस, कोणाचे गहू निवडून दे, आणि चार आणे, आठ आणे घे, असे चालले होते. एका घरच्या आजींनी आमचा घामेजलेला चेहरा पाहून, काम राहू दे रे बाळा, म्हणत एक रुपया हातावर ठेवला. आम्ही आनंदाने कार्डावर एक रुपया लिहिला. कामाच्या रकान्यात काय लिहावे ते सुचेना, म्हणून तो कोरा ठेवला. स्काउटमास्तरांनी कार्ड पाहिले आणि विचारले, “हे काम कोणते?” आम्ही गप्प. ते म्हणाले, “जा, एक तर रुपया परत दे, नाही तर काम करून ये.” आम्ही परत गेलो आणि आजींचे परसू झाडले. आजी रागावल्या त्या आमच्यावर नव्हे, मास्तरांवर. तो कोरा रकाना पुढे आयुष्यभर आमच्या डोळ्यांसमोर राहिला. संघटनेच्या कचेरीत कोणी पाकीट आणून ठेवले की आम्हांस तो दिसतो.

कसोटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या कायद्याने १९८६ साली बालमजुरीवर निर्बंध आणले आणि २०१६च्या दुरुस्तीने, कुटुंबातली मदत व कलाक्षेत्र असे मोजके अपवाद सोडून, चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. आम्ही कामगार संघटनेचे लोक. मुलाच्या अंगमेहनतीचे गोडवे गाताना आमची जीभ अडखळते, आणि ती अडखळावी. विलायतेतही एका शिलिंगात अर्धा दिवस राबवून घेणारी घरे होतीच. म्हणून खरी कमाई ही मजुरी होता कामा नये. ती वर्षातून थोडे दिवस, ओळखीच्या घरी, मोठ्यांच्या नजरेखाली, आणि पैसे मुलाच्या घरखर्चात न जाता पथकाच्या खात्यात, या चौकटीतच शोभते.

आज शाळाशाळांतून खऱ्या कमाईला आनंद मेळाव्याचे रूप आले आहे. मुले भेळ, वडापाव, सरबत यांची दुकाने मांडतात आणि पालक विकत घेतात. चित्र मोठे गोड असते. आम्ही एकदा एका मुलाच्या दुकानापाशी थांबलो. त्याने हौसेने सांगितले, “काका, तीनशे चाळीस रुपये कमावले.” आम्ही विचारले, “चुरमुरे, शेव, चिंच, कांदे कितीला आले?” तो म्हणाला, “ते आईने आणले.” “आणि चिरले कोणी?” “आईनेच.” त्या दिवशी त्याच्या आईने दोन घरांची कामे बुडविली होती, असे मागून कळले. तीनशे चाळीस ही विक्री होती, कमाई नव्हती. सामानाचे दोनशे आणि आईचा बुडालेला रोज वजा केला तर पोराचे दुकान तुटीत होते.

यावरून आम्हांस भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवल्या. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही शिल्लक ठेवले नाही. स्वावलंबनाच्या कथेत मुलांची कुदळ सगळ्यांना दिसते. त्या सौभाग्यलेण्याची नोंद मात्र कोणत्या खात्यावर करायची ते कोणी सांगत नाही. तेव्हापासून आमच्या पथकात नियम झाला की आईने दिलेले सामान जमेला ‘देणगी’ म्हणून नावासकट लिहायचे आणि खर्चालाही घालायचे. मुलांना आपल्या आयांची नावे देणगीदारांच्या यादीत सर्वांत वर दिसू लागली.

बंधुभगिनींनो, इतिहासातून व्यवहाराला उपयोगी असे काही निघत नसेल तर तो नुसता करमणुकीचा विषय होईल. एवढे सगळे पाहून आम्ही पथकासाठी जो ठोकताळा बसविला तो सांगतो. पैसा तीन वाटांनी येतो : वर्गणी, कमाई आणि देणगी. खर्चही तीन प्रकारचा असतो : दर महिन्याचा चालू, शिबिरासारखा वर्षातून एकदा येणारा, आणि तंबू, दोर, भांडी यांसारख्या टिकाऊ वस्तूंचा. चालू खर्च वर्गणीतून भागवावा. शिबिर कमाईतून करावे. देणगी टिकाऊ वस्तूंसाठीच घ्यावी. याचे कारण उघड आहे. देणगीदार एखाद्या वर्षी फिरला तर नवा तंबू राहील आणि जुन्यात झोपता येईल. पण ज्या पथकाची दर आठवड्याची बैठक देणगीवर चालते, ते देणगी थांबताच बंद पडते. आणि बंद पडण्याच्या भीतीने हवे ते ऐकू लागते.

हिशेबाची शिस्त आम्ही कामगार संघटनांकडून घेतली. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनांवर बंधन घातले होते की दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे द्यावा, आणि सर्वसाधारण निधी कोणत्या कामांवर खर्चता येईल तेही ठरवून दिले होते. आमच्यापैकी पुष्कळांनी त्या कलमांवर दात खाल्ले. पण मालकाने फितवलेला माणूस सभेत उभा राहून ‘पैसे खाल्ले’ म्हणतो, तेव्हा तीच तपासलेली वही आपली ढाल होते. म्हणून पथकातही अनुक्रमांकाचे पावतीपुस्तक, पैसे काढण्यास दोघांच्या सह्या, आणि तीन महिन्यांनी पालकांपुढे जाहीर वाचन. वही मात्र मुलानेच लिहायची. खजिनदार मुलांतला, आम्ही मागे उभे.

आता त्या शिबिराचे काय झाले ते सांगतो, आणि त्यात आमचीही चूक सांगतो.

समितीची सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. कारखानदारांचा निरोप वाचून झाला. कोणी म्हणाले, मुले दोन तास उभी राहिली तर काय बिघडते. पाच दिवसांचे शिबिर होते आहे. कोणी मान खाली घालून बसले. तेव्हा आम्ही उठलो आणि जरा ताठ्यानेच म्हणालो की हा पैसा नको. शिबिराचा खर्च आमची संघटना देईल. आम्हांस वाटले, टाळ्या होतील. एक बाई उठल्या. घरोघर पोळ्या करणाऱ्या. त्या म्हणाल्या, “दादा, शेटजींचा पैसा घेतला तर पोरं फाटकाच्या आत उभी राहणार. तुमचा घेतला तर उद्या तुम्ही म्हणाल, बाहेर उभी राहा. माझ्या पोराला दोन्हीकडं उभं करू नका.”

आम्ही बसलो. उत्तर नव्हते. शिवाय संघटनेचा पैसा म्हणजे सभासदांनी दिलेली वर्गणी. ती सभासदांस न विचारता देऊ करण्याचा आम्हांस काय अधिकार होता? दुसऱ्याला जमाखर्च शिकविणारे आम्ही, स्वतःच कोरा रकाना ठेवून रक्कम लिहीत होतो.

मग खजिनदार मुलगा वही घेऊन उभा राहिला. नववीतला पोरगा. त्याने कोणाचीच बाजू घेतली नाही. म्हणाला, “सहा हजार तीनशे चाळीस आहेत. तीस जणांचं दोन दिवसांचं जेवण चार हजार आठशे. एस. टी. नको, डोंगरावरच्या देवळापर्यंत नऊ किलोमीटर आहे, चालत जाऊ. बाकीला बाराशे. तीनशे चाळीस उरतात.” आणि खाली बसला.

पाच दिवसांचे शिबिर दोन दिवसांचे झाले. मुले चालत गेली आणि चालत आली. थंडी कडाक्याची होती, तंबू अपुरे होते, तेव्हा निम्मी मुले देवळाच्या ओवरीत झोपली. एका संध्याकाळी पिठले करपले. कारखानदारांस आभाराचे पत्र गेले आणि त्यात विनंती केली की मानवंदना जमणार नाही. तंबू द्यावयाचे मनात असेल तर पथक ते आनंदाने घेईल. उत्तर आले नाही. करार पुढे झाला. तो निराळा विषय आहे. पुढल्या दोन वर्षांत रद्दी, पणत्या आणि सात नोव्हेंबरची चिकटचित्रे यांच्या कमाईतून पथकाने आपला पहिला तंबू घेतला. आमच्या ठोकताळ्याप्रमाणे तो देणगीतून यायला हवा होता. मुलांनी ठोकताळ्याची वाट पाहिली नाही.

ती वही आम्ही आज बरोबर आणली आहे. व्याख्यान संपल्यावर ती बाहेरच्या मेजावर असेल. ज्यांना पाहायची त्यांनी अवश्य पाहावी. त्या डिसेंबरच्या पानावर अखेरची शिल्लक ३४० रुपये आहे आणि खाली दोन सह्या आहेत. त्यांतली एक पोराची आहे, दुसरी पोळ्या करणाऱ्या त्या बाईंची.